काझी सरांचा गुरुवार

काझी सरांसमोर कुणी सहज जरी म्हटलं, "यंदा ऊन फार आहे," तरी ते मान किंचित तिरकी करत आणि विचारत, "कशावरून?"

त्यात खोच नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. पण समोरच्याला हे कसं कळावं? एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पेढे वाटता वाटता तो बिचारा कौतुकानं म्हणाला, "छत्तीसपैकी बत्तीस गुण जुळलेत." सर मनापासून म्हणाले, "वा! आणि ज्यांचे जुळले नव्हते तरी लग्नं झाली, त्यांचं पुढं काय झालं हे कुणी लिहून ठेवलंय का?" त्या लग्नाची पत्रिका आम्हा सगळ्यांना आली, सरांना आली नाही. सरांना त्याचं कारण कधी कळलं असेल असं मला वाटत नाही. लग्नाच्या दिवशी ते वॉर्डात एकटेच राउंड घेत होते आणि सगळे गेले कुठं, असं सिस्टरला विचारत होते.

डॉ. मुनीरुद्दीन काझी आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनचे प्राध्यापक होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. उंच, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि चालताना डावा खांदा जरासा पुढं. इतर प्राध्यापकांच्या टेबलांवर औषध कंपन्यांची कॅलेंडरं, पेपरवेट आणि पेनं असत. सरांच्या टेबलावर कात्री, गोंदाची बाटली आणि पांढऱ्या कागदाच्या कापलेल्या पट्ट्या. शिपाई त्यांना पाठीमागं 'पतंगवाले सर' म्हणत. संक्रांतीच्या आधी नवीन आलेला एक शिपाई तर त्यांच्याकडं खरंच मांजा मागायला गेला होता.

त्या पट्ट्यांचं काम गुरुवारी दुपारी दोन वाजता, जर्नल क्लबात असे. जर्नल क्लब म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. वैद्यकीय मासिकांत नवे संशोधन लेख येतात. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकानं असा एक लेख वाचून दाखवायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. लेखात म्हटलंय ते खरं आहे का, आणि असलं तर आपल्या पेशंटला त्याचा उपयोग काय, हे ठरवायचं. लेखाला सर 'कागद' म्हणत. बहुतेक ठिकाणी हा कार्यक्रम म्हणजे डुलक्या काढायची सोय असते. ओपीडी उरकलेली, पोटात मेसचं वरण, डोक्यावर पंखा. एक जण शेवटचा परिच्छेद वाचतो, बाकीचे माना डोलावतात, मग चहा.

सरांनी यावर एक तोड काढली होती. लेखकांची नावं, गावाचं नाव आणि शेवटचा निष्कर्ष यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवायच्या. दिसतील ते फक्त तक्ते आणि काम कसं केलं त्याची हकिगत. निष्कर्ष आम्ही काढायचा. मग पट्टी सोलायची आणि लेखकानं काय म्हटलंय ते बघायचं. ज्याची पाळी असेल त्यानंच कागद निवडायचा, त्यानंच पट्ट्या लावायच्या आणि कुणालाही सांगायचं नाही. सरांनासुद्धा नाही.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी निष्कर्ष पाठ करून गेलो होतो. पट्टीखालचा मजकूर पट्टी न काढता घडाघडा म्हणून दाखवला. सर शांतपणे म्हणाले, "छान. आता तिसरा तक्ता बघा आणि हेच पुन्हा म्हणा." मी तक्ता पाहिला आणि माझी बोबडी वळली. तक्ता काही तरी भलतंच सांगत होता.

"घाबरू नका, मियाँ," सर म्हणाले. "तुम्ही लेखकावर विश्वास ठेवलात, एवढाच तुमचा गुन्हा आहे. तो सगळेच करतात. माणसानं काय पाहिलं ते एक, आणि त्यावरून त्याला काय वाटलं ते दुसरं. या दोन्हींच्या मधे बोट घालता आलं पाहिजे."

मी लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातून आलेला. मोठ्यांच्या बोलण्यात बोट घालायची आमच्याकडं पद्धत नव्हती. मला हा माणूस विचित्र वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

एका औषध कंपनीनं एकदा सुचवलं, तुमचा जर्नल क्लब आम्ही हॉटेलात करू, जेवणही आमच्याकडून. आमच्या तोंडाला पाणी सुटलं. सर त्या विक्रेत्याला आदरानं खुर्ची देऊन म्हणाले, "भाई, तुमचा समोसा खाल्लेल्या तोंडानं मला तुमच्या गोळीबद्दल प्रश्न विचारता येणार नाही. घास अडकेल." त्या दिवशी आम्ही सरांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. दुसऱ्या युनिटचे रेसिडेंट हॉटेलात जात आणि आम्हाला येऊन गुलाबजामचं वर्णन ऐकवत.

सरांची दुसरी एक पद्धत होती आणि ती मी इतर कुठं पाहिली नाही. जर्नल क्लबला ते वॉर्डातला एक पेशंट बोलवत. ज्या आजाराचा कागद, त्या आजाराचा पेशंट. त्याला पहिल्या रांगेत बसवत आणि आमचं इंग्रजी थांबवून थांबवून त्याला मराठीत, नाही तर दख्खनीत समजावत. विभागातल्या इतरांना हा चक्रमपणा वाटे. मलाही वाटायचा, कडूबाई येईपर्यंत.

कडूबाई माझ्याच भागातली. रक्तदाबाची पेशंट. वाचायला घेतलेला कागद रक्तदाबाच्या एका गोळीबद्दल होता. गोळी चांगली होती, तक्तेही चांगले होते. आम्ही खूश होऊन, पट्टी काढायच्या आधीच, ही गोळी सगळ्यांना द्यावी असा निष्कर्ष काढला. सरांनी कडूबाईला विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं? ही तुमचीच गोळी आहे."

तिनं पदर सावरला. मग म्हणाली, "सायेब, राग नाय ना येनार? ही गोळी घेतली का घडीघडीला लघवीला जावं लागतं. मी दिसभर कापसाच्या रानात. आडोसा नाय, भवताली गडीमाणसं. जाऊ कुठं? म्हून मी रानात जायच्या दिशी गोळी घेतच नाय. तुमच्या त्या कागदातल्या बाया रानात जात्यात व्हय?"

सर खुर्चीतून उठले. अक्षरशः उभे राहिले. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "किती जणांनी औषध मधेच सोडलं तो आकडा या कागदात आहे. त्यांनी ते का सोडलं, हे विचारायला कुणी गेलेलं नाही. ही बाई मला आज शिकवून गेली." तिची गोळी त्यांनी त्याच दिवशी बदलली. पुढं कित्येक वर्षं मी वाळूजला कारखान्यांच्या कामगारांना तपासतोय, पाळ्या करणाऱ्या माणसाला गोळी लिहिण्याआधी तू झोपतोस कधी, असं विचारतोय. ते मी कुठल्याही पुस्तकातून शिकलेलो नाही.

सर शहागंजात बाजारामागच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरी काही तरी आवाज असायचा. ती गेल्यावर खालच्या दुकानातला थान उलगडल्याचा आवाज तेवढा वर येत असे. एकदा परीक्षेच्या दिवसांत गुरुवारी आमच्यापैकी कुणीच गेलं नाही. मी एक पुस्तक विसरलो होतो म्हणून अडीचच्या सुमाराला त्या हॉलकडं गेलो. दाराच्या काचेतून सर दिसले. एकटेच. समोर कागद, आणि त्यावर पट्टी. त्यांनी तो लेख आधी वाचलेला असणार, तरी पट्टी लावली होती. ते हळूच काही तरी बोलले, मग मान हलवून स्वतःलाच खोडून काढलं. मी पुस्तक न घेताच परत गेलो. आत जायला हवं होतं हे तेव्हाही कळत होतं.

पण त्यांना एक घर होतं. दर रविवारी सकाळी नऊला ते आप्पांकडं जात.

आप्पा म्हणजे डॉ. सोनपेठकर. सरांचे गुरू, आमच्या विभागाचे जुने प्रमुख, केव्हाच निवृत्त झालेले. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आप्पा शाळेत होते. त्यांचं शिक्षण निजामाच्या उर्दूतून सुरू झालेलं. काझी सर त्यानंतर जन्मलेले, मराठी शाळेत गेलेले. त्यामुळं दोघांचं भांडण जुंपलं की आप्पा उर्दूत भांडत आणि सर मराठीत. काचबिंदूनं आप्पांची नजर जवळजवळ गेली होती. सर आठवड्याचे कागद घेऊन जात आणि त्यांना वाचून दाखवत. आप्पांची सून ताटात धपाटी आणि दही आणून ठेवी. आप्पांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द मिळाला की सर सोमवारी आमच्यावर कमी रागवत. रविवार कसा गेला हे आम्हाला सोमवारच्या राउंडला कळायचं.

मग मी एक शहाणपणा केला.

आप्पा निवृत्तीनंतर कधीच कॉलेजात आले नव्हते. सरांनी बऱ्याच मिनतवारीनं त्यांना एका गुरुवारी जर्नल क्लबला यायला तयार केलं. पाळी माझी होती. मला वाटलं, आप्पांना खूश करावं. ग्रंथालयात जुन्या मासिकांचे बांधीव खंड होते. त्यांत मला आप्पांचाच एक लेख सापडला, त्यांच्या तरुणपणचा, एका तापावरच्या उपचाराबद्दल. मनात म्हटलं, नावावर पट्टी लावू, वाचू, चर्चा करू, आणि शेवटी पट्टी काढली की आप्पांचं नाव! टाळ्या! मी स्वतःवर इतका खूश होतो की लेख धड वाचलासुद्धा नाही. आप्पांचा लेख, म्हणजे चांगलाच असणार. सरांच्या हाताखाली दोन वर्षं काढून मी हे शिकलो होतो.

गुरुवारी आप्पा आले. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि आप्पांना हात धरून आणताना त्यांचा तो डावा खांदा जास्तच पुढं आला होता. मी वाचायला लागलो. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. पहिला तक्ता झाला, दुसरा झाला. दुसऱ्या तक्त्यात पेशंट कुठल्या कुठल्या तालुक्यांतून आले त्याची यादी होती. आप्पांनी हात वर केला.

"थांब. औषध मिळालं त्यांचं सांगितलंस. न मिळालेले कुठायत?"

"ते... नाहीत, सर."

"नाहीत! बरं, मधेच दवाखाना सोडून गेले ते कुठल्या रकान्यात?"

मी शोधलं. कुठल्याच रकान्यात नव्हते.

आप्पा खुलले. पुढचा अर्धा तास त्यांनी त्या कागदाच्या चिंध्या केल्या. पायी घरी गेलेल्यांना मोजलंय, पण आदल्या रात्री नातेवाइकांनी खाटेवर घालून नेलेल्यांना मोजलेलं नाही. ताप आपोआप उतरायच्या वेळेलाच औषध दिलंय. "हा माणूस आपल्या औषधाच्या प्रेमात पडलाय," ते म्हणाले. "प्रेमात पडलेल्याच्या हाती मोजमाप देऊ नये." सगळे हसले. सरही हसत होते, पोरासारखे. त्यांच्या गुरूनं त्यांचाच खेळ त्यांच्याहून चांगला खेळून दाखवला होता. फक्त मी पट्टीचं टोक नखानं दाबून धरलं होतं.

"गायके, पट्टी काढा," सर म्हणाले.

मी पट्टी सोलली. नाव मी तोंडातल्या तोंडात वाचलं. दुसऱ्यांदा वाचावं लागलं.

सरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं. मग ते उठले, आप्पांच्या समोर गेले आणि त्यांनी हात जोडले. "आप्पा, हा कागद मी निवडला. चूक माझी आहे. मला माफ करा."

मी निवडला होता. सर्वांना ते ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही.

आप्पा म्हणाले, "रिक्षा बोलाव." त्यांना घरी सोडायला सरांनी मला पाठवलं. रस्ताभर आप्पा एक शब्द बोलले नाहीत. मी परत आलो तेव्हा सर जिन्याच्या पायरीवर बसले होते. प्राध्यापक माणूस, पायरीवर.

"काय म्हणाले?"

"काहीच नाही, सर. एक शब्दसुद्धा नाही. लई नाराज आहेत."

सरांनी मान खाली घातली. "कशावरून?" असं त्यांनी मला विचारलं नाही. सगळ्या जगाला विचारणारा माणूस, त्या एका वेळेला त्यानं विचारलं नाही. ज्या गोष्टीची आपल्याला आधीपासून भीती असते तिला आपण पुरावा मागत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

त्या रविवारी सर आप्पांकडं गेले नाहीत. पुढच्याही नाही. आप्पांचाही फोन आला नाही. पुढं पुढं सर रविवारी सकाळी नऊला वॉर्डात यायला लागले. काम नसे. जुने केसपेपर चाळत बसत. सिस्टरनं चहा विचारला तर नको म्हणत, आणि ती गेल्यावर दाराकडं बघत.

माझं शिक्षण संपलं, मी वाळूजला बसायला लागलो. सर निवृत्त झाले. जर्नल क्लब पडद्यावर चित्रं दाखवून व्हायला लागला, आणि त्यात निष्कर्ष आधी येऊ लागला. सर काही वर्षं गुरुवारी येऊन ग्रंथालयात बसत. कुणी आलं तर शिकवत. मग येणारे थांबले, मग सरही थांबले. मी ईदला शहागंजात जायचो. सर शीरखुर्मा द्यायचे, माझ्या पेशंटांबद्दल विचारायचे. आप्पांचं नाव आम्ही दोघंही काढत नसू. असं सोळा-सतरा वर्षं चाललं. या काळात शहराचं नाव बदलायच्या गोष्टींनी पुन्हा जोर धरला, वाद झाले, पण त्या गल्लीतल्या वरच्या मजल्यावर काही बदललं नाही.

एके दिवशी कळलं, आप्पा पडले, खुब्याचं हाड मोडलं, खासगी दवाखान्यात आहेत. मी भेटायला गेलो. वय पंच्याऐंशीच्या पुढं, दृष्टी पूर्ण गेलेली. पण मी नमस्कार म्हणताच त्यांनी आवाज ओळखला.

"रिक्षावाला गायके ना तू?"

मी ओशाळलो. म्हणालो, "आप्पा, तो कागद काझी सरांनी नाही, मी निवडला होता. तुमचं मन दुखावलं..."

"मन? कुणाचं?" आप्पा म्हणाले. "दुसऱ्या तक्त्यालाच कळलं होतं मला, हा माझा कागद आहे. त्या तालुक्यांतल्या गावागावांत मीच फिरलो होतो बाबा, बैलगाडीतून."

"मग तुम्ही थांबला का नाहीत?"

"थांबू कशाला? इतकी वर्षं ते सगळं मला माहीत होतं आणि कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी काय मजा आली! वाटलं, मुनीरनं पट्टी काढली की मी सांगणार, हा गाढव मीच. आणि ह्यानं काय केलं? हात जोडले. माफी! म्हणजे माझ्याबद्दल त्याचा हा अंदाज. आपली चूक ऐकली की हा म्हातारा मोडून पडेल." ते दम घ्यायला थांबले. "मला ते लई लागलं. म्हटलं, रविवारी येऊ दे, चांगला झाडतो. दही लावून ठेवायला सांगितलं सुनेला. आलाच नाही. नंतरच्या रविवारीही लावलं होतं."

"फोन करायचा, आप्पा."

"रुसलेल्यानं फोन करायचा असतो का? मूर्खपणा झाला. दोघांचाही."

मी त्याच संध्याकाळी शहागंजात जायला हवं होतं. गेलो नाही. कारण सरांना हे सांगायचं तर ते 'लई नाराज आहेत' माझ्या पदरचं होतं, हेही सांगावं लागणार होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, करत मी तीन आठवडे घालवले. माझ्या पेशंटांनी उपचाराला इतका उशीर केला तर मी त्यांना फाडून खातो. तीन आठवड्यांनी आप्पांच्या सुनेचा फोन आला. आप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. घरी आणलं होतं. वाचा गेली होती.

तेव्हा मात्र मी गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मला जर्नल क्लबमधे विचारावं तसं विचारलं, अगदी सौम्यपणे.

"नाराज आहे, असं आप्पा त्या दिवशी म्हणाले होते?"

"नाही, सर."

"चेहऱ्यावरून वाटलं?"

"चेहरा मी पाहिला नव्हता, सर. मी रिक्षाच्या बाहेर बघत होतो."

सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांनी मला झापावं असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "तुम्ही पोरगे होता, मियाँ. विचारणं हे माझं काम होतं." आणि चष्मा पुन्हा लावता लावता, "किती रविवार झाले असतील हो?" मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, आप्पांच्या घरी. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते गेले, आणि मी तेव्हा मुलीच्या प्रवेशासाठी परगावी होतो. त्यामुळं माझ्याकडं त्यांचं शेवटचं आहे ते एवढंच.

आप्पा उशांना टेकून होते. उजवा हात निपचित. सून दारातच हळू आवाजात म्हणाली, "काका, बोलता येत नाही त्यांना. एकच शब्द राहिलाय." आम्ही दोघं डॉक्टर. असं होतं हे आम्हाला माहीत होतं. मेंदूतला बोलण्याचा भाग जातो आणि एखादा शब्द तेवढा तोंडात उरतो, अर्थाशिवाय.

सर खाटेजवळच्या खुर्चीवर बसले. "आप्पा, मी मुनीर."

"बरं," आप्पा म्हणाले.

आवाज तोच होता, जुना, भरदार. सरांचा चेहरा एकदम उजळला. ते पुढं वाकले. "आप्पा, मी रविवारी यायला हवं होतं. चुकलं माझं."

"बरं."

सरांनी डोळे पुसले. मला वाटलं, संपलं, सुटला हा माणूस. मी तर सुटलोच. सुनेनंही पदर डोळ्यांना लावला. पण सर तसेच वाकून आप्पांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. त्यांची मान किंचित तिरकी झाली. मी मनात म्हटलं, नका सर, आता तरी नका.

"आप्पा, तुम्ही माझ्यावर रागावला आहात का?"

"बरं."

"की रागावलेला नाहीत?"

"बरं."

तोच सूर. तेवढाच वेळ. सर खुर्चीत मागं टेकले. सून चहा टाकते म्हणून आत गेली. मी दाराशी उभा होतो, मला पुढंही जाववेना आणि निघवेना. सरांनी आप्पांचा निपचित हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"आप्पा," ते म्हणाले, "रविवारी नऊला येतो."

"बरं," आप्पा म्हणाले.

हे मात्र सरांनी उलटं करून विचारलं नाही.